मोटरहोमच्या मागे सामान लादताना: रॅकवरचा आकडा आणि मागच्या ॲक्सलवरचा आकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: छोट्या मोटरहोममध्ये दोघांचं रोजचं सामान बसतं, पण दोन ई-सायकली, खुर्च्या-टेबल आणि एक पेटी मागे, बाहेरून न्यायची आहे. त्यासाठी भिंतीवरचा रॅक घ्यावा, टोबारवरचा (ट्रेलर ओढण्यासाठी मागे लावलेल्या दांड्यावरचा) घ्यावा की थेट चॅसीला प्लॅटफॉर्म जोडून घ्यावा? आणि रॅकवर ६० किलो लिहिलंय, म्हणजे ६० किलो लादले तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. रॅकवर छापलेला आकडा रॅकपुरता असतो. रॅक ज्या भिंतीला लावला ती भिंत, भिंतीखालची चॅसी, मागचा ॲक्सल आणि मागचे टायर या प्रत्येकाची मर्यादा वेगळी. यातला जो आकडा सगळ्यात लहान, तो तुमचा. छोट्या मोटरहोममध्ये हा लहान आकडा बहुतेक वेळा मागच्या ॲक्सलचा निघतो, आणि नेमका तोच कोणी बघत नाही.

याचं कारण तरफ. मागच्या चाकांच्या पलीकडे लटकवलेलं वजन मागच्या ॲक्सलवर जेवढ्यास तेवढं पडत नाही, जास्त पडतं; आणि जेवढं जास्त पडतं तेवढं पुढच्या ॲक्सलवरून उचललं जातं. हिशेब सोपा आहे. रॅकवरच्या सामानाचा मध्य मागच्या ॲक्सलपासून किती मागे आहे ते टेपने मोजा. त्याला व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतराने, भागा. आलेल्या संख्येला सामानाच्या वजनाने गुणलं की पुढचा ॲक्सल किती हलका होतो ते कळतं. तेवढीच भर सामानाच्या वजनात घातली की मागच्या ॲक्सलवर किती वाढलं ते कळतं.

समजा व्हीलबेस ३.४५ मीटर आहे. मागची भिंत ॲक्सलपासून १.६ मीटर मागे आणि सामानाचा मध्य भिंतीपासून आणखी ४० सेंमी मागे, म्हणजे एकूण २ मीटर. रॅकसकट १०० किलो लादले तर पुढचा ॲक्सल ५८ किलोंनी हलका होतो आणि मागच्यावर १५८ किलो वाढतात. आता उलटं करून बघा. मागच्या ॲक्सलची मर्यादा १,९०० किलो आहे आणि प्रवासाच्या तयारीत त्यावर १,७८० किलो भरले. शिल्लक १२० किलो. पण मागे लादता येतात १२० भागिले १.५८, म्हणजे साधारण ७६ किलोच. आणि त्यात रॅकचं स्वतःचं वजनही आलं. टोबारवरचा रॅक १८ किलोंचा असेल तर हातात ५८ किलो उरतात. दोन ई-सायकली प्रत्येकी २५ किलोंच्या धरल्या तर संपलंच. पेटीला जागा नाही.

म्हणून रॅक विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. डिझेलची टाकी भरलेली, पिण्याच्या पाण्याची टाकी नेहमी जेवढी भरता तेवढी, कपडे, भांडी, गॅस सिलिंडर जागच्या जागी आणि नेहमी बसणारी माणसं आपापल्या सीटवर. तीन वजनं घ्यायची: अख्खी गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर, फक्त मागची चाकं काट्यावर. पुढचं आणि मागचं मिळून एकूण वजनाच्या जवळपास आलं पाहिजे. मोठा फरक पडला तर काट्याच्या आतला आणि बाहेरचा भाग एका पातळीत नव्हता, पुन्हा मोजा. मग गाडीवरची वजनाची प्लेट बघा. त्यावर एकूण वजन, ट्रेलरसकट एकूण वजन, पुढच्या ॲक्सलची मर्यादा आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा असे चार आकडे असतात. एकूण वजनात बसणारी पण मागच्या ॲक्सलवर मर्यादा ओलांडलेली गाडी ही छोट्या मोटरहोममधली नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे फक्त पहिला आकडा बघून समाधान मानू नका.

टायरही याच वेळी तपासा. बाजूवरचा लोड इंडेक्स १०९ असेल तर एका टायरची मर्यादा १,०३० किलो, ११२ असेल तर १,१२० आणि ११६ असेल तर १,२५०. मागच्या दोन्हींची बेरीज ॲक्सलवरच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा थोडीफार नव्हे, चांगली जास्त हवी, कारण डाव्या-उजव्या बाजूंचं वजन सहसा सारखं नसतं. ज्या बाजूला फ्रिज, ओटा आणि पाण्याची टाकी आली ती बाजू जड. टायरवरची मर्यादाही ठरलेल्या हवेच्या दाबालाच लागू असते, म्हणून मागे वजन वाढवलं की टायर कंपनीच्या तक्त्यात बघून दाब ठरवा.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. गाडी मागून खाली बसते म्हणून लोक एअर बेलो (हवा भरलेले फुग्यासारखे स्प्रिंग) बसवतात, गाडी सपाट उभी राहते, आणि आता क्षमता वाढली असं धरून चालतात. बेलोने उंची सुधारते, हेलकावे कमी होतात, पण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. वजनाच्या प्लेटवरचा आकडा कागदोपत्री बदलून मिळाल्याशिवाय क्षमता वाढलेली नसते. मागचे स्प्रिंगचे पाटे दबून सपाट झालेल्या गाडीला बेलो जरूर लावा. पण वजनाच्या हिशेबात ते धरू नका.

पुढचा ॲक्सल हलका होण्याचे परिणाम जास्त फसवे असतात, कारण गाडी उभी असताना ते दिसत नाहीत. पुढच्या चाकांवर ताकद येणाऱ्या गाडीची ओल्या गवतावर किंवा चढावर चाकं जागेवरच फिरतात. ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं, बोथट लागतं. मोठा ट्रक बाजूने गेला किंवा आडवा वारा आला की नाक हलतं. हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणारे डिपर मारू लागतात. लादल्यावर हेडलाइटची पातळी खाली करायची हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. काही उत्पादक पुढच्या ॲक्सलवर किमान किती भार राहिलाच पाहिजे हेही देतात. पुस्तिकेत तो आकडा असेल तर कमाल मर्यादेइतकाच तो पाळायचा. शिवाय शेपटाशी असलेलं वजन अचानक वळण घेताना गाडीला फिरवत नेतं, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० किलो ॲक्सलच्या डोक्यावर आणि ५० किलो दोन मीटर मागे, हे वेगळंच प्रकरण आहे.

आता कुठली रचना घ्यायची ते.

पॅनेल व्हॅनवर (बंद पत्र्याच्या मालवाहू व्हॅनवर) बनवलेली छोटी गाडी असेल तर मागच्या दारावर बसणारे रॅक मिळतात. ते दाराच्या बिजागऱ्यांवर आणि पत्र्याच्या कडांवर टेकतात. अनेकांची मर्यादा ३५ किलोंच्या आसपास असते, म्हणजे दोन साध्या सायकली. ई-सायकलींच्या जोडीला एवढी मर्यादा पुरत नाही. दार उघडताना सगळं वजन बिजागरीवर येतं, म्हणून दार हाताने धरून, गाडी सपाट जागी असतानाच उघडा. बिजागरीजवळचा रंग केसासारखा तडकलेला दिसला तर पत्रा भाराने वाकतोय असं समजा आणि वजन उतरवा.

मागची भिंत घरासारखी बांधलेली, म्हणजे बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत प्लाय अशी असेल, तर भिंतीवरचा रॅक बसतो. बहुतेकांची मर्यादा ५० ते ६० किलो. इथे खरी परीक्षा रॅकपेक्षा भिंतीची असते. सायकलींचं ५० किलो वजन भिंतीपासून ४० सेंमी बाहेर आणि वरच्या-खालच्या ब्रॅकेटमध्ये ८० सेंमी उभं अंतर असेल, तर वरचे ब्रॅकेट भिंतीतून बाहेर ओढणारा जोर उभ्या गाडीत २५ किलोंचा असतो. खड्ड्यात तो क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. तेच ब्रॅकेट ४० सेंमी अंतरावर लावले तर जोर थेट दुप्पट. म्हणून ब्रॅकेट जितके लांब-लांब लावता येतील तितके लावा. खिडकी मध्ये आली म्हणून जवळ ओढून घेतलेला रॅक हा वर्षा-दोन वर्षांत भिंत फुगवणारा रॅक.

भिंतीवरचा रॅक बसवण्याचं काम कारागिराकडून करून घ्या किंवा स्वतः करा, पण पद्धत हीच असू द्या. आधी उत्पादकाकडून भिंतीतल्या मजबुतीच्या पट्ट्या कुठे आहेत ते विचारा. अनेक गाड्यांत रॅकसाठी जागा आधीच ठेवलेली असते. आतल्या बाजूला वायर, पाइप, बाथरूमचं कपाट कुठे येतंय ते पाहा. बाहेर मास्किंग टेप लावून खूण करा, आधी ३ मिमीचं भोक आरपार पाडा, आत जाऊन ते योग्य जागी निघालं का बघा, मगच एम-८ बोल्टाच्या मापाला वाढवा. फोममध्ये स्क्रू धरत नाही, त्यामुळे बोल्ट आरपारच हवा. तो नुसता आवळला तर भिंत दबते, फोम चेपतो, आणि महिन्याभरात बोल्ट पुन्हा सैल. त्यासाठी भोकात भिंतीच्या जाडीएवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची नळी घाला. बोल्ट तिच्यातून जातो, आवळल्याचा दाब नळी घेते आणि फोम चेपत नाही. नळीची लांबी अर्धा मिमी कमी चालेल, जास्त मात्र नको, नाहीतर ब्रॅकेट भिंतीला टेकणारच नाही.

आतल्या बाजूला निदान ३ मिमी जाडीची आणि ८ बाय ८ सेंमीची ॲल्युमिनियमची पट्टी, त्यावर वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा). भोकाची कड आणि नळीची बाहेरची बाजू पॉलियुरेथेन सीलंटने भिजवा, ब्रॅकेटच्या पायाखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी). बाथरूममध्ये वापरायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे नको: ते ॲल्युमिनियमला खातं, आणि एकदा लावलं की त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. नट दोन टप्प्यांत आवळा; ब्युटाइल कडेने हळूहळू बाहेर येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा चावी लावा, मग बाहेर आलेलं कापून टाका. वरून नळीने दहा मिनिटं पाणी सोडून आत कोरडं आहे का बघा. पुढे दर पावसाळ्यानंतर आतून बोल्टाच्या भोवती मॉइश्चर मीटर (ओल मोजणारं यंत्र) लावायचा. प्लायवर तपकिरी डाग, बोटाने दाबल्यावर मऊ लागणं किंवा चालताना त्या कोपऱ्यातून करकर, यातलं काहीही दिसलं की रॅक काढून बघायचा. पाणी आत शिरलं की लाकडी पट्ट्या कुजतात, आणि ते बाहेरून दिसेपर्यंत खूप उशीर झालेला असतो.

ई-सायकलींसाठी टोबारवरचा रॅक बहुधा सोयीचा पडतो, कारण उचलायची उंची कमी. सायकल छातीपर्यंत उचलण्यापेक्षा गुडघ्यापर्यंत उचलणं कधीही बरं. पण टोबारला उभ्या दाबाची मर्यादा असते, छोट्या गाड्यांत ती बहुधा ७५ ते १०० किलो. रॅक आणि सायकली मिळून त्यात बसल्या पाहिजेत. ही मर्यादा ट्रेलर अडकवायच्या गोळ्याच्या जागेसाठी दिलेली असते, आणि रॅकचं वजन त्या गोळ्याच्याही मागे असतं. चौकोनी नळीत घुसवायचा रॅक असेल आणि सुटं चाक आडवं येतं म्हणून लांबवणारा तुकडा घातला, तर भार निम्म्यावर आणा. नळीतला प्लेही (ढिलेपणा) काढा. पकड २० सेंमीची असेल तर तिथला एक मिमीचा प्ले मीटरभर मागे पाच मिमी होतो, आणि तेवढं हलणं प्रत्येक खड्ड्यात पिनेवर हातोडा मारत राहतं. त्यासाठी आवळणारा बोल्ट किंवा क्लॅम्प मिळतो.

टोबार कशाला जोडलाय तेही खाली वाकून बघाच. घरासारखी बॉडी लांब करताना मूळ चॅसीच्या मागे पातळ पट्ट्यांची वाढीव चौकट जोडतात. टोबार त्या वाढीवर लावलेला असेल तर टोबारवर काहीही छापलेलं असो, मर्यादा त्या वाढीची. मागच्या बंपरला वेल्डिंग करून रॅक लावणं तर विसराच. बऱ्याच गाड्यांत तो चौकोनी बंपर पातळ पत्र्याचा, सांडपाण्याचा पाइप ठेवण्यापुरता असतो, आणि तुटताना तो वेल्डजवळ तुटतो. शिडीचंही तेच. ती माणसाने चढण्यापुरती आहे. पेटी लटकवून हजारो किलोमीटर थरथरवली की तिचे स्क्रू सुटतात.

स्कूटर न्यायची असेल तरच चॅसीला जोडलेला प्लॅटफॉर्म. छोटी स्कूटर ११० किलो, प्लॅटफॉर्म ३० ते ४०, म्हणजे १५० किलोंच्या आसपास. वरच्या हिशेबाने मागच्या ॲक्सलवर २३७. बहुतेक छोट्या मोटरहोममध्ये हे बसतच नाही. बसत नसेल तर छोटा ट्रेलर हेच सरळ उत्तर आहे, कारण ट्रेलरचं वजन त्याची स्वतःची चाकं उचलतात.

लांबी वाढली की दोन गोष्टी बदलतात. पहिली, मागचा उताराचा कोन. मागचं टोक जमिनीपासून ४५ सेंमी वर आणि चाकापासून दीड मीटर मागे असेल तर कोन साधारण १७ अंश. त्याच उंचीवर ६० सेंमीचा रॅक जोडला की तो १२ अंशांवर येतो. फेरीबोटीचा रॅम्प, पेट्रोलपंपाच्या तोंडाचा चढ, गतिरोधकावरून रिव्हर्स घेणं, या जागी रॅक घासतो, आणि घासताना टोबार वर ढकलला जातो. दुसरी, शेपटाचा झोक. ॲक्सलपाशी गाडीची बाहेरची बाजू ६ मीटर त्रिज्येने वळत असेल तर दीड मीटरचं शेपूट १८ सेंमी बाहेर जातं, आणि २.१ मीटरचं ३६ सेंमी. लांबी ६० सेंमीनेच वाढली पण झोक दुप्पट झाला. सायकली गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी २० सेंमी आत असतील तर हा फरक जवळपास भरून निघतो. गाडीएवढीच रुंद पेटी लावली तर खांब, भिंत किंवा शेजारची गाडी लागते. पंपावर आणि पार्किंगमधून बाहेर पडताना आधी एक-दीड मीटर सरळ पुढे या, मग वळवा.

मागे काय लादायचं? हलकं आणि मोठं, किंवा ओलं आणि घाण: खुर्च्या, चटया, चिखलाचे बूट, रिकामे कॅन, पाण्याचा पाइप. अवजारांचा डबा, बॅटरी, पाणी, डबाबंद जिन्नस यांची जागा दोन ॲक्सलच्या मध्ये, खाली. सांडपाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे असेल तर ती निघण्याआधी रिकामी करा. काहीच न विकत घेता मागचं वजन उतरवण्याचा याहून सोपा मार्ग नाही. ई-सायकलींच्या बॅटऱ्या काढून आत, पुढच्या बाजूला ठेवा: प्रत्येकी अडीच-तीन किलो कमी होतात, आणि पाण्याच्या माऱ्यापासूनही त्या वाचतात. सायकलीवरची बॅटरीची जागा मात्र झाकून घ्या.

गॅस सिलिंडर आणि पेट्रोलचे कॅन मागच्या रॅकवर नकोत. मागून धडक बसली तर सगळ्यात आधी चेपणारी जागा तीच. जनरेटर नेत असाल तर टाकी रिकामी करून, आणि तो रॅकवर असतानाच सुरू करू नका. गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, धूर मागच्या खिडकीतून किंवा व्हेंटमधून आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तोच भोवरा चालत्या गाडीत धूळ आणि चिखल मागे ओढतो. पेटीच्या झाकणाला पोकळ रबरी पट्टी लावा, तळाला कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं ठेवा. पेटीखाली सायलेन्सरचं तोंड येत असेल तर निदान ३० सेंमी अंतर राखा किंवा तोंड बाजूला वळवून घ्या. प्लास्टिक वितळतं आणि सायकलीचा टायर एका जागी कडक पडतो. पूर्ण झाकणारं कव्हर दिसायला नीटनेटकं, पण ते वाऱ्यात शिडासारखं फुगून ब्रॅकेट ओढतं आणि दिवे झाकतं. काही रॅक उत्पादक प्रवासात कव्हर वापरायला सरळ मनाई करतात.

बांधताना जड सायकल भिंतीच्या बाजूला, हलकी बाहेर. पेडल आणि हँडल जिथे एकमेकांना किंवा भिंतीला लागतात तिथे फोमच्या नळीचा तुकडा. कार्बनच्या फ्रेमला रॅकचा पंजा लावू नका, तिला चाकांवरच धरायचं. पंजे आणि चाकांचे पट्टे यांच्याशिवाय एक स्वतंत्र रॅचेट पट्टा सगळ्या सायकलींना कवेत घेऊन रॅकच्या मुख्य चौकटीला बांधा, कारण पंजा सुटला तरी सायकल रस्त्यावर पडता कामा नये. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो. पट्ट्यावर फाटण्याचा आकडा वेगळा आणि वापरायच्या भाराचा वेगळा असतो, निवडताना दुसरा बघायचा. मोकळ्या पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो भणभणत नाही. रबरी हुकाच्या दोऱ्यांनी ताडपत्री बांधा, वजन नाही.

दिवे, इंडिकेटर आणि नंबर प्लेट यातलं काहीही झाकलं जात असेल तर रॅकवर दिव्यांचा बोर्ड आणि दुसरी नंबर प्लेट लागतेच. ७ पिनांच्या सॉकेटमध्ये रिव्हर्सचा दिवा सहसा येत नाही, १३ पिनांच्यात येतो. नव्या गाडीला एलईडी बोर्ड जोडला की कधी कधी डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खोटी सूचना येते. त्या गाडीसाठीचा टोइंग मॉड्यूल बसवला की ती जाते. इटली आणि स्पेनसारख्या देशांत मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० बाय ५० सेंमीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक लागतो. रिव्हर्स कॅमेरा सायकलींमागे लपत असेल तर तो छताच्या कडेला वर न्या, आणि पार्किंग सेन्सर रॅकलाच अडथळा समजून ओरडत असेल तर तो बंद करण्याचं बटण शोधून ठेवा. फेरीबोटीचं तिकीट काढताना लांबी रॅकसकट सांगायची.

पहिल्या लादणीनंतर ५० किलोमीटरवर थांबा. रॅक दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवा हलवा: गाडी हलली पाहिजे, रॅक गाडीवर हलता कामा नये. नट, पिना, पट्टे हाताने तपासा, बोल्टवर रंगाची एक रेघ मारून ठेवली असेल तर तो फिरलाय का ते लगेच दिसतं. त्यानंतर दर इंधन भरताना एकदा. आणि सगळं लादलेलं असताना पुन्हा वजनकाट्यावर जाऊन फक्त मागची चाकं मोजून घ्या. सामानाचा मध्य टेपने मोजताना दहा-वीस सेंमी इकडे-तिकडे झाले असतील तर तिथे कळेल.